उघडून पाहू या : लाल थेंबाची साक्ष

काय दोस्तांनो, गेल्या आठवड्यात आपण सायकलची चेन उघडली होती. किती जणांनी हात काळे केले? आणि किती जणांच्या आईने ते हात रॉकेलऐवजी डाळीच्या पिठाने धुवायला लावले? असो. काळे हात म्हणजे आपल्या या सदराचं ओळखपत्रच!

आज मात्र जरा मोठं काम आहे. आज गाडीखाली शिरायचं आहे. म्हणजे तुम्ही नाही हं, मी! तुम्ही बाहेर उभं राहून बघायचं, मोजायचं आणि प्रश्न विचारायचे. आई-बाबा, तुम्हीसुद्धा हे पान वाचा. कारण आजच्या गोष्टीत चूक करणारा आहे एक मोठा माणूस, आणि ती पकडणारी आहे शाळकरी मुलगी.

तर झालं असं. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. २००२ सालची, दुसऱ्याकडून घेतलेली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, उगाच जाहिरात कशाला? पण तिची गंमत अशी, की तिला क्लच नाही. पायाखाली दोनच पेडल. गिअर ती आपले आपण बदलते. गेले काही महिने मात्र ती रुसल्यासारखी वागत होती. डोंबिवलीच्या घरडा सर्कलवरून वळलं आणि वेग घेतला, की पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना खाडकन धक्का द्यायची. माझ्या मांडीवरचा भाजीच्या पिशवीतला टोमॅटो एकदा थेट पुढच्या काचेवर! तेव्हा ठरवलं, आता गिअरपेटीतलं तेल बदलायचंच.

रविवारी सकाळी ठाण्याहून भाचरं आली. थोरली नववीत, धाकटा सहावीत. ठाण्याहून स्लो लोकलने कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करत डोंबिवलीला उतरली आणि जिना चढता चढताच धाकटा ओरडला, "मामा, गाडी खोलणार ना?"

"खोलणार नाही रे, तेल बदलणार."

"हॅत्! तेल तर आईपण बदलते. वडे तळून झाले की."

आम्ही सगळे हसलो. पण खरं सांगू? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापलं की काळं पडतं, त्याला वास येतो. गाडीच्या तेलाचंही साधारण तसंच होतं. फक्त या तेलाकडे तळण्यापेक्षा बरीच जास्त कामं असतात.

दोन पंख्यांची जादू

आधी साध्या गिअरची गोष्ट. तुमच्या आजोबांना पद्मिनी आठवत असेल. प्रीमियर पद्मिनी! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. अशा टॅक्सींपैकी शेवटची २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. याच प्रीमियर कंपनीचा एक कारखाना आपल्या डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ नावाची फ्रेंच बनावटीची मोटार तयार होत असे. या गाड्यांत ड्रायव्हर क्लच दाबायचा, इंजिन आणि चाकं यांची फारकत करायचा, दांडा हलवून गिअर बदलायचा आणि क्लच सोडून पुन्हा दोघांची गाठ घालून द्यायचा.

मग माझ्या गाडीत क्लचचं पेडलच नाही, तर सिग्नलला गाडी थांबल्यावर इंजिन बंद कसं पडत नाही?

याचं उत्तर शोधायला आपण टेबलफॅन वापरू. दोन टेबलफॅन समोरासमोर, अगदी जवळ ठेवा. एकाची पिन प्लगमध्ये, दुसऱ्याची बाहेर. (हा प्रयोग मोठ्या माणसाबरोबरच करायचा, आणि पात्यांजवळ बोट न्यायचं नाही!) पहिला फॅन सुरू केला की थोड्या वेळाने दुसराही हळूहळू फिरायला लागतो. दोघांच्या मध्ये ना पट्टा, ना चेन, ना दांडा. आहे ती फक्त हवा. आता दुसऱ्या फॅनला कुणी धरून ठेवलं, तरी पहिला आपला फिरतच राहील. हवा नुसती घुसळली जाईल, एवढंच.

अशा गाडीत हवेच्या जागी तेल असतं. एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर. एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरपेटीला. सिग्नलला चाकं थांबली, म्हणजे दुसरा पंखा थांबला. पण पहिला तेल घुसळत फिरतोच आहे. म्हणून इंजिन बंद पडत नाही! या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. (दोन पंख्यांच्या मध्ये तेलाला वळण देणारं आणखी एक छोटं चक्र असतं. त्यामुळे निघताना जोर वाढतो.)

ही कल्पना मोटारीसाठी सुचलीच नव्हती बरं का! हेरमान फ्योटिंगर नावाचे एक जर्मन इंजिनिअर स्टेटिन बंदरातल्या जहाजांच्या कारखान्यात काम करत होते. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. जहाजातलं वाफेचं टर्बाइन फिरायचं भन्नाट वेगाने, आणि पाण्यातला पंखा मात्र हळू फिरायला हवा. या दोघांची सोयरीक जुळवायची कशी? फ्योटिंगर यांनी मध्ये द्रव घातला. १९०५ साली त्यांनी याचं पेटंट घेतलं. मोटारीत हे यायला बराच काळ गेला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक नावाची आपोआप चालणारी गिअरपेटी आणली. मोठ्या संख्येने विकली गेलेली ती पहिलीच.

(घरी आईची बिनगिअरची स्कूटर असेल, तर ती मात्र वेगळी. तिच्यात रबरी पट्टा आणि दोन पुल्या असतात. तिची गोष्ट पुढे कधीतरी.)

एक तेल, चार नोकऱ्या

"पण मामा, गिअर बदलतं कोण? आत माणूस तर नाही ना बसलेला?" धाकट्याने विचारलं.

माणूस नाही. तेलच बदलतं! गिअरपेटीत एक पंप असतो. तो तेल दाबाने बारीक बारीक नळ्यांतून पाठवतो. तुम्ही पास्कलचा नियम शिकला असाल किंवा शिकाल. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला, की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. तोच दाब आतल्या छोट्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो. कुठली चकती आवळली आणि कुठली सोडली, यावर कुठला गिअर पडणार ते ठरतं. आतली दातेरी चाकं तर फारच गोड असतात. मधोमध एक चाक, त्याला म्हणतात सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह! मोटारीच्या पोटात चक्क ग्रहमाला.

म्हणजे या तेलाच्या नोकऱ्या मोजा. पहिली, इंजिनाचा जोर पुढे नेणं. दुसरी, दाबाने गिअर बदलणं. तिसरी, दातेरी चाकांना वंगण देणं. चौथी, आतली उष्णता बाहेर वाहून नेणं. शिवाय एक अवघड कसरत. चाकं घसरली पाहिजेत, पण क्लचच्या चकत्या मात्र एकमेकींना घट्ट धरून राहिल्या पाहिजेत. आणि तेल दोघांनाही एकच!

ही कसरत जमावी म्हणून एके काळी या तेलात काय घालत असत, माहीत आहे? देवमाशाचं तेल! स्पर्म व्हेल नावाचा जो मोठ्या डोक्याचा देवमासा आहे ना, त्याचं. मोटारीचा गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्या तेलावर बंदी घातली, आणि रसायनशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत त्याच्या जागी दुसरे पदार्थ तयार करावे लागले. आज तुमच्या-आमच्या गाडीच्या तेलात देवमासा नाही.

म्हणूनच हे तेल "कुठलंही लाल तेल द्या हो" असं म्हणून आणायचं नसतं. प्रत्येक गिअरपेटीच्या चकत्या वेगळ्या, म्हणून तेलही वेगळं. डेक्स्रॉन, मर्कॉन अशी त्यांची नावं असतात, आणि प्रत्येक कंपनीचा आपला आग्रह असतो. स्वयंपाकघरात खोबरेल, तिळाचं आणि एरंडेल, तिन्ही तेलंच. पण आईने एरंडेलात पुऱ्या तळल्या तर? गाडीच्या पुस्तकात जे नाव छापलंय तेच आणायचं.

आणि लाल का? मुळात ते लाल नसतंच. त्यात मुद्दाम लाल रंग घालतात. इंजिनाचं तेल सोनेरी, याचं लाल. गाडीखाली थेंब पडला तर कुठून गळतंय ते लगेच कळावं म्हणून. हा रंग ध्यानात ठेवा. पुढे त्यानेच आम्हाला वाचवलं.

शीळफाट्याचा घाम

गाडीचं हे तेल खराब करतं कोण? मुख्य आरोपी उष्णता. एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं, की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आता आपल्याकडचा रस्ता आठवा. शीळफाटा, मुंब्रा बायपास, ठाण्याचा तीन हात नाका, घोडबंदर रोड. एक मिनिट चालायचं, तीन मिनिटं थांबायचं. आतले पंखे तेल घुसळताहेत, गाडी जागची हलत नाही आणि समोरून वारा नाही. म्हणजे गाडी चालली कमी, पण तेल तापलं जास्त! म्हणून नुसते किलोमीटर मोजून आपल्याकडे भागत नाही.

दुसरा आरोपी पाणी. २६ जुलै २००५ तुमच्या आई-बाबांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीने कल्याण परिसरात हाहाकार केला. कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. गिअरपेटीला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की तिच्यातून पाणी आत शिरू शकतं. मग लाल तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ होतं. असं तेल दिसलं तर गाडी सुरूच करायची नाही, टो करून गॅरेजला न्यायची.

कागदावरचे दोन थेंब

आम्ही खाली उतरलो. सोसायटीचे सेक्रेटरी काका पेपर वाचत बसले होते. आमच्या हातातलं घमेलं बघून त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, इथे गॅरेज काढताय की काय? फरशीवर एक जरी डाग पडला ना..."

"नाही पडणार काका," थोरली म्हणाली. "आम्ही खाली प्लास्टिक घालणार, वर रद्दी पसरणार, आणि वखारीतून भुसा आणलाय."

काका हुं म्हणाले. पण खुर्ची मात्र त्यांनी आमच्याकडे वळवून घेतली!

आता सावधगिरीचे नियम. एकेक वाचा.

एक : जागा सपाट हवी. लिव्हर 'पी'वर, हँडब्रेक ओढलेला, आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

दोन : नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा नाही! जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. गाडी उचलायची आणि लोखंडी स्टँडवर ठेवायची. मग हलवून बघायची. स्टँड नसतील तर काम गॅरेजमध्ये.

तीन : गाडी नुकतीच लांबून आली असेल तर तेल चटका देण्याइतकं गरम असतं. कोमट होईपर्यंत थांबायचं.

चार : मुलांनी गाडीखाली जायचं नाही. वर भरपूर काम असतं.

"मामा, तेल खराब झालंय हे तू न बघताच कसं ठरवलंस?" थोरलीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी बॉनेट उघडलं. माझ्या गाडीत दोन गेज आहेत, म्हणजे तेल मोजायच्या पट्ट्या. एक इंजिनाची, एक गिअरपेटीची. (काही गाड्यांत गिअरपेटीला पट्टी नसतेच. तिथे हे काम घरी करायला जाऊ नये.) थोरलीने वहीतला एक पांढरा कागद फाडला. इंजिनाच्या पट्टीवरचा एक थेंब कागदावर ठेवला, खाली लिहिलं 'इंजिन'. गिअरपेटीचा थेंब ठेवला, खाली लिहिलं 'गिअर'. शेजारी नव्या डब्यातला तिसरा थेंब, 'नवं'.

नवा थेंब कोकम सरबतासारखा लालचुटुक. गिअरचा थेंब उकळलेल्या चहासारखा तपकिरी, पण कडेला लालसर कड. आणि इंजिनाचा थेंब काळा, मधोमध काजळाचा ठिपका. वासही घेतला. गिअरच्या तेलाला थोडा जुनाट वास होता, पण जळका नव्हता. जळका वास असता, तेल काळं ठिक्कर असतं किंवा त्यात चकत्यांचा चुरा दिसला असता, तर मी पाना खालीच ठेवला असता. तेव्हा नुसतं तेल बदलून भागत नाही, आतली झीज जाणकाराला दाखवावी लागते.

आणि मामा चुकला!

मी गाडीखाली शिरलो. पुस्तक वर घरातच राहिलं होतं. 'मला पाठ आहे,' असं मी म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा. ते म्हटलं की समजावं, घोटाळा जवळ आलाय.) खाली दोन बोल्ट दिसले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. एकाला षटकोनी डोकं, दुसऱ्याला मध्ये चौकोनी खाच. मी आपला पाना षटकोनी बोल्टला लावला, घमेलं सरकवलं आणि फिरवला. तेल धो धो पडायला लागलं.

"काळं आहे हो मामा!" धाकटा वाकून म्हणाला.

"जुनं तेल काळंच असतं," मी खालून ऐटीत म्हणालो.

सगळं तेल गळलं. बोल्ट पुन्हा बसवला, बाहेर आलो, हात पुसले आणि लाल तेलाचा डबा उघडला. नरसाळं गिअरपेटीच्या नळीत लावलं. डबा तिरका करणार, इतक्यात थोरली म्हणाली,

"मामा, थांब."

तिने काडीने घमेल्यातला एक थेंब घेतला आणि त्याच कागदावर, तीन थेंबांच्या खाली ठेवला. आम्ही तिघंही वाकलो. सेक्रेटरी काकाही उठून आले. थेंब पसरला. काळा. मधोमध काजळाचा ठिपका. लाल कड कुठेच नाही.

"हा गिअरचा नाही," ती म्हणाली. "हा इंजिनाचा आहे."

माझ्या पोटात गोळा आला. दोस्तांनो, काय झालं असतं बघा. इंजिनात तेलाचा थेंब नाही, आणि गिअरपेटीत जुनं तसंच असून वर नवं ओतलेलं. मी गाडी सुरू केली असती, तर बिनतेलाच्या इंजिनात धातूवर धातू घासून काही मिनिटांत ते कायमचं जाम होऊ शकलं असतं. तिकडे गिअरपेटीत तेल जास्त झालं की ते फेसाळतं, फेसाला दाब धरता येत नाही, आणि तीही बिघडते. एका पान्याच्या चुकीत दोन दुखणी!

मी जिना चढून पुस्तक आणलं. तिथे चित्रासकट छापलं होतं : गिअरपेटीचा बोल्ट चौकोनी खाचेचा. धाकट्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. शिक्षा म्हणून मला रविवारी उघडं दुकान शोधत इंजिनाचं तेल आणि नवे वॉशर आणायला स्टेशनपर्यंत चालत जावं लागलं. परत आल्यावर पहिल्यांदा इंजिनात तेल भरलं, पट्टीवर मोजलं, आणि मगच पुढचं काम.

जेवढं काढलं, तेवढंच घातलं

आता चौकोनी खाचेचा बोल्ट. या वेळी पहिला थेंब पडताच वरून हुकूम आला, "थांब, आधी कागद!" थेंब तपकिरी, कडेला लालसर. पास!

या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्याला राखाडी लेप लागला होता, काजळासारखा मऊ. चाकांची रोजची झीज ती. तेवढी चालते. लोखंडाचे कपचे निघाले असते, तर ती धोक्याची घंटा होती. धाकट्याने फडक्याने चुंबक लख्ख पुसला. नवा वॉशर घालून मी बोल्ट बसवला. पिळून काढल्यासारखा नाही, पुस्तकात सांगितलाय तेवढाच घट्ट. जोर करून आटे गेले, तर हजार रुपयांचं काम कितीतरी हजारांवर जातं.

मग मोजणी. थोरलीने पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटल्यांवर आधीच खुणा केल्या होत्या. निघालेलं तेल भरलं २ लिटर ४०० मिलिलिटर. म्हणून नवंही आधी तेवढंच घातलं. गाडी खाली उतरवली, सुरू केली, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर एकेकदा नेला, आणि गाडी गरम झाल्यावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पट्टी पाहिली. काही गाड्यांत ही पट्टी इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून. तेही अंदाजाने नाही, पुस्तकातच बघायचं.

"पण पुस्तकात तर लिहिलंय, पेटीत एकूण ६ लिटर तेल मावतं," थोरली म्हणाली. "उरलेलं ३ लिटर ६०० कुठेय?"

शाब्बास! ते त्या दोन पंख्यांच्या डब्यात आणि नळ्यांत अडकलेलं असतं. बोल्ट काढून ते येत नाही. म्हणजे एकदा बदललं तरी ६० टक्के तेल जुनंच. थोडे दिवस गाडी चालवायची, म्हणजे जुनं-नवं मिसळतं, आणि पुन्हा तेवढंच काढून तेवढंच घालायचं. दुसऱ्या वेळी जुनं उरतं ६०चे ६० टक्के, म्हणजे ३६ टक्के. तिसऱ्या वेळी २१.६. कुठलीही घाई न करता गाडीचं तेल हळूहळू नवं होतं.

आम्ही एक चक्कर मारून आलो. धक्का पूर्ण गेला का? नाही. पण कमी झाला. तिसऱ्या वेळेनंतर, दीड महिन्याने, मांडीवरची टोमॅटोची पिशवी जागची हलली नाही.

घमेल्यातलं तेल कुणाचं?

काम संपलं असं मला वाटलं. घमेल्यात काळं आणि तपकिरी मिळून बरंच तेल होतं. समोर गटाराची जाळी. सेक्रेटरी काका सहज म्हणाले, "द्या ओतून तिथे. पाऊस आला की जाईल वाहून."

"वाहून जाईल कुठे, काका?" धाकट्याने विचारलं.

काका गप्प झाले. आपल्या डोंबिवलीची गटारं नाल्यांतून उल्हास खाडीला मिळतात. तिथे तिवरांची झाडं आहेत. ती चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. तेलाचा पापुद्रा त्या मुळांवर बसला की झाडाचं नाक बंद! २०२०च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांमुळे चक्क गुलाबी झाला होता, ते थोरलीला आठवलं. त्या रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. कारण रंग दिसला. खाडीत गेलेलं तेल दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडे कायद्यानेही वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. पण गंमत म्हणजे तो टाकाऊ नाही. त्यातलं पाणी आणि घाण काढून त्याचं पुन्हा वंगण करता येतं. हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले कारखाने करतात, आणि मोठी गॅरेजं त्यांच्याकडे तेल पाठवतात. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, वर ठळक लिहिलं 'जुनं तेल, हात लावू नये', आणि आधी विचारून एका गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतलं. कॅन काकांनी स्वतःच्या स्कूटरवर पुढे ठेवून नेला, हे सांगायलाच हवं! (खाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हे तेल कधीही ठेवू नका. लाल रंग फसवा असतो.)

संध्याकाळी भाचरं परतीच्या गाडीत बसली. तो चार-पाच थेंबांचा कागद थोरलीने विज्ञानाच्या वहीत ठेवला. खाली तारीख घातली आणि लिहिलं, 'मामाची गाडी'. मी म्हटलं, "मामाची चूक असं लिही की." ती म्हणाली, "ते मी आईला तोंडी सांगणार आहे."

करून पहा

सुई नसलेल्या, नव्या दोन सिरिंज घ्या. एक २ मिलिची, एक १० मिलिची. दोन्हींत पाणी भरून बारीक नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा नको. आता दोन्ही दट्ट्यांवर एकेक बोट ठेवा आणि एकमेकांविरुद्ध दाबा. कुठलं बोट हरतं? पास्कलचं नाव घेऊन मला पत्राने कळवा.

या आठवड्याचा प्रश्न

माझ्या गाडीत दर वेळी ६० टक्के तेल जुनं उरतं. तर जुनं तेल १० टक्क्यांपेक्षा कमी व्हायला एकूण किती वेळा तेल बदलावं लागेल? कॅल्क्युलेटर न वापरता बघा. उत्तर पुढच्या आठवड्यात याच पानावर. तोवर हात काळे करा, पण धुऊन जेवायला बसा!

तुमचा,
पानेवाला मामा